खाटेवरून उठायचे कधी?

आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या आईंचा गुडघा बदलला. दुसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो तर आजी खाटेवर नव्हत्याच. वॉकर धरून, फिजिओथेरपिस्टच्या सोबतीने त्या व्हरांड्यात चालत होत्या. जमलेल्या नातेवाइकांना हे पटेना. "कालच ऑपरेशन झालंय, जखम ओली आहे, पडू द्या की त्यांना चार दिवस!" हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी आले असते. एके काळी डॉक्टरही असेच सांगत. मग त्यांचे मत बदलले कसे?

विश्रांतीची शिकवण निराधार मुळीच नव्हती. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन टॉमस (१८३४–१८९१) हे हाडे बसवणाऱ्या घराण्यातले डॉक्टर. त्या काळी सांध्यांचा क्षय सर्रास आढळे आणि त्यावर औषध नव्हते. दुखरा सांधा सक्तीने, अखंड आणि दीर्घकाळ स्थिर ठेवावा, असा टॉमस यांचा आग्रह होता. मोडलेल्या हाडालाही हे लागू होते. हाडाची दोन टोके जुळायला आठवडे लागतात, तोवर ती हलून चालत नाही. टॉमस यांच्या नावाची स्प्लिंट पहिल्या महायुद्धात मांडी मोडलेल्या सैनिकांच्या फार उपयोगी पडली. फ्रान्समध्ये ल्यूका-शाँपिओनिएर हे शल्यविशारद १८८० च्या दशकापासून मोडलेल्या हाडांसाठीही मालीश आणि लवकर हालचाल सुचवत होते, पण त्यांचे म्हणणे मागेच पडले.

आता इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात येऊ. तेथील राइटिंग्टन हे १९३३ मध्ये क्षयरोग्यांसाठी सुरू झालेले रुग्णालय. पुढे क्षयावर औषधे आली, खाटा रिकाम्या होऊ लागल्या, आणि त्याच ठिकाणी जॉन चार्न्ली यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्याचे काम उभारले. त्यांची आधीची टेफ्लॉनची वाटी झिजून निकामी झाली होती. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी पोलादी गोळा आणि दाट पॉलिएथिलीनची वाटी वापरली, आणि ही जोडी टिकली. हे भाग हाडात घट्ट बसवण्यासाठी त्यांनी दंतवैद्यकातून आलेले ॲक्रिलिक सिमेंट वापरले. ते काही मिनिटांतच कडक होते.

येथे थोडे थांबून विचार करायला हवा. मोडलेले हाड जुळायला आठवडे लागतात, म्हणून विश्रांती. पण सिमेंटने बसवलेला सांधा रुग्ण टेबलावर असतानाच पक्का झालेला असतो! मग विश्रांती कशासाठी? चार्न्लींच्या पद्धतीत एक कारण होते. सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा कापून नंतर तारेने बांधावा लागे, आणि तो जुळायला वेळ लागे. परंतु पुढे ही कापाकापी टळली, तरी खाट सुटली नाही. आमच्या मते यात सवयीचा भाग मोठा होता.

दरम्यान खाटेचे दुष्परिणाम कळून चुकले होते. चालताना पोटरीचे स्नायू आवळले, की शिरांमधले रक्त हृदयाकडे ढकलले जाते. शिरांतल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत. पडून राहिले की हा पंप जवळजवळ बंद पडतो, रक्त रेंगाळते आणि गुठळी होऊ शकते. ती सुटून फुफ्फुसात अडकली तर जीव जाऊ शकतो. लंडनचे डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये खाटेच्या धोक्यांवर एक खुसखुशीत पण गंभीर लेख लिहिला. अमेरिकेत डॅलस येथे १९६६ मध्ये वीस वर्षांच्या आसपासच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवले, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. वाढत्या वयाने झालेली घट त्या तीन आठवड्यांतल्या घटीपेक्षा कमी भरली! निरोगी तरुणांची ही गत, तर सत्तरीच्या आजींचे काय होईल?

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. टोरोंटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० च्या दशकात सशांवर प्रयोग करून दाखवले, की सांधा सतत हळूहळू हलवत ठेवला तर जखमी कूर्चा चांगली भरून येते. यातून पाय आपोआप वाकवणारे यंत्र निघाले आणि गुडघा बदललेल्या रुग्णांनाही ते सर्रास लावले जाऊ लागले. पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर या रुग्णांना त्याचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. नवल वाटायला नको. धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या गुडघ्यात भरून यायला कूर्चा असते कुठे? सशाच्या गुडघ्याचा नियम जसाच्या तसा येथे आणला गेला, अगदी मोडलेल्या हाडाचा आणला गेला होता तसाच. अडचण वेगळीच होती. शस्त्रक्रियेनंतर सूज आणि वेदना यांमुळे मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून पुरेसा हुकूम पोहोचत नाही. पहिल्या महिन्यात त्याचे बळ निम्म्याहूनही कमी होते. यंत्राने पाय वाकवला म्हणून हा स्नायू जागा होत नाही. तो रुग्णाने स्वतः आवळावा लागतो.

पण दुखत असताना आवळणार कसा? डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात हाच धागा पकडला. रुग्ण आज घरी का जाऊ शकत नाही, असे त्यांनी विचारले. वेदना, चक्कर, अशक्तपणा, मळमळ अशा एकेका कारणावर उपाय शोधले. वेगवेगळ्या प्रकारची वेदनाशामके थोडी थोडी मिळून द्यायची, गुंगी आणणारी औषधे कमी करायची, लवकर खायला द्यायचे आणि शक्य तर त्याच दिवशी उभे करायचे. सुरुवात आतड्याच्या शस्त्रक्रियांपासून झाली, नंतर सांधेरोपणात ही पद्धत आली. डेन्मार्कमध्ये २००० साली सांधा बदललेला रुग्ण सरासरी दहा-अकरा दिवस रुग्णालयात राही. २००९ पर्यंत हा मुक्काम चार दिवसांवर आला. अर्थात हृदयविकार किंवा इतर आजार असले, तर वेळापत्रक डॉक्टरच ठरवतात.

आमच्या आजींच्या घराला तीन पायऱ्या आहेत. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टने रुग्णालयाच्या जिन्यात त्यांच्याकडून तेवढ्याच पायऱ्या करून घेतल्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. आजींनी दोनदा चूक केली, तिसऱ्यांदा बरोबर जमले, आणि संध्याकाळी त्या घरी गेल्या.