309 धावा आणि डावाने हार

डिसेंबर 1943. सातारा रोडला तुम्ही मिरजेकडून आलेल्या मीटरगेजच्या गाडीत घुसता. डब्यात रजा संपवून परतणारे फौजी. कोपऱ्यात दोघे भूमिगतांच्या पत्री सरकारबद्दल दबकून बोलताहेत. गावाची नावं विचारू नका, दिवस पोलिसांच्या कानांचे आहेत. जुलैतच वसंतदादा पाटलांनी सांगलीचा तुरुंग फोडला.

पुण्याला गाडी बदलून मुंबई. चर्चगेटला पोचलात की ब्रेबॉर्न स्टेडियम हाकेच्या अंतरावर. क्रिकेटच्या पेंटँग्युलरची अंतिम लढत, हिंदू विरुद्ध रेस्ट. धर्मावरून संघ पाडायची ही रीत गांधीजींना मुळीच पसंत नाही. गर्दीला त्याचं काही नाही. मर्चंटच्या नाबाद 250 वर हिंदूंनी 5 बाद 581 ला डाव सोडला. रेस्ट सर्वबाद 133, पुन्हा फलंदाजीला. ख्रिस्ती म्हणून रेस्टमध्ये असलेला विजय हजारे खेळतोय, सांगलीच्या शिक्षकाचा मुलगा.

त्याचं उभं राहणं बघा. बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये अडकवल्यागत. कुठलाही मास्तर पोराला असं उभं करणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रिमेटने त्याला शिकवलं, पण ही लकब मोडली नाही, शहाणा माणूस! समोर भाऊ विवेक नुसता टिच्चून उभा. भागीदारी 300 ची, त्यात विवेकचे 21.

“एकटाच खेळतोय की हो!” शेजारचे गृहस्थ शेंगा सोलत म्हणतात.

खरंच एकटा. 387 पैकी 309 त्याचे, आणि तरी रेस्ट एक डाव 61 धावांनी हरतं. कसोटीच्या हिशेबात यातलं काहीच धरलं जाणार नाही. कसोट्या आहेतच कुठे? 1936 नंतर भारत एकही खेळलेला नाही. 1939-40 चा एमसीसीचा दौरा युद्धाने गिळला. त्याच हंगामात यानं पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद 316 काढल्या, 24 व्या वर्षी. फलंदाजाच्या भराचा काळ असा घरच्या मैदानांवरच खर्ची पडला. माझ्या मते हजारेंच्या 30 कसोट्या मोजताना हे आधी मोजावं.

राहवत नाही, तुम्ही शेजाऱ्यांना सांगून टाकता: पहिली कसोटी 1946 मध्ये लॉर्ड्सवर, तेव्हा वय 31. 1948 ला ॲडलेडमध्ये ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतकं. 1952 ला मद्रासमध्ये भारताचा पहिला कसोटी विजय, कप्तान हाच.

गृहस्थ टरफलं झटकतात. “असेल, असेल. पण लढाई कधी संपतीय ते सांगा. तांदूळ मिळत नाही हो.”