पदवीधराचे पहिले देणे

माजी विद्यार्थ्यांनी आपल्या संस्थेशी नाते कसे राखावे, या विषयावर बोलण्याचा अधिकार मला किती, हा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. मी कॉलेजची पायरी चढलो ती तेथल्या शिपाई आणि कारकून मंडळींची युनियन बांधण्यासाठी. पदवी माझ्याजवळ नाही. मात्र वर्गणी गोळा करण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. माणूस केव्हा देतो आणि केव्हा तोंड फिरवतो, एवढे मला थोडेफार कळते. त्या भांडवलावर मी इतिहासाची काही पाने वाचली. ती आज तुमच्यापुढे ठेवतो.

आज सर्वत्र एक समजूत रूढ आहे. विद्यार्थी शिकून गेला, नोकरीत स्थिरावला, केस पिकले की मग त्याला संस्थेने स्नेहमेळाव्याला बोलवावे आणि देणगी मागावी. तरुणाजवळ असते काय, असे म्हणून त्याला कोणी विचारत नाही. आपल्याकडचा इतिहास मात्र उलट सांगतो.

१८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी आणि तरुण शिक्षक यांनी आपल्या प्राध्यापकांच्या साह्याने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. मराठी आणि गुजराती भाषांतून ज्ञानप्रसार करण्यासाठी तिच्या शाखा निघाल्या. मराठी शाखेचे नाव ज्ञानप्रसारक सभा. त्या वेळी मुंबई विद्यापीठ नव्हते. ते १८५७ साली आले, आणि पहिले चार बी. ए. बाहेर पडले १८६२ साली. त्या चारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. म्हणजे ज्यांच्याबद्दल मी बोलतो आहे त्या मुलांच्या हाती पदवी नव्हती, आणि बहुतेकांच्या खिशात पैसाही नव्हता.

सभेत निबंध वाचले जात, वाद होत. एका पारशी विद्यार्थ्याने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. तो ऐकून टाळ्या वाजवून मंडळी घरी गेली असती, तर आज ती सभा कोणाला आठवली नसती. पण १८४९ साली या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या. स्वतःचे काम सांभाळून ते तेथे विनावेतन शिकवीत. दादाभाई नौरोजी त्यांत आघाडीवर होते. वय अवघे चोवीस. मुली मिळवण्यासाठी ते घरोघर फिरले. तुमच्या ओटीवर बसून तुमच्या मुलींना शिकवू द्या, अशी विनवणी त्यांनी केली. काही घरांतून जिन्यावरून ढकलून देण्याच्या धमक्याही मिळाल्या. दाराशी उभे राहून अपमान गिळणे म्हणजे काय, हे युनियनच्या कार्यकर्त्याला वेगळे सांगायला नको.

पैसा नंतर आला. शाळा चालू आहेत, मुले फुकट राबताहेत, हे पाहून जगन्नाथ शंकरशेट पुढे आले, कामा घराण्यातील मंडळींनी भार उचलला. त्याच पिढीचे डॉ. भाऊ दाजी सभेचे अध्यक्ष झाले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी तरुणांचे श्रम, त्यामागून श्रीमंतांची थैली.

हे तरुण असे का वागले? दादाभाईंनी स्वतःच्या आयुष्याविषयी लिहिताना त्याचे कारण दिले आहे. त्यांचे वडील लहानपणीच वारले. शिक्षण फुकट मिळाले म्हणून ते शिकू शकले. हे शिक्षण लोकांच्या पैशातून झाले, तेव्हा आपल्यापाशी जे उत्तम असेल ते लोकांना परत केले पाहिजे, असा विचार त्यांच्या मनात रुजला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांनी परतफेड केवळ एल्फिन्स्टनच्या इमारतीला केली नाही. शाळेने जे दिले ते ज्यांना मिळत नव्हते, त्यांना त्यांनी ते दिले. माजी विद्यार्थ्याच्या देण्याचा याहून चांगला अर्थ मला सापडलेला नाही.

आता पुण्याकडे वळू. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यासाठी सरकारी नोकरी सोडली. टिळक आणि आगरकर हे नुकतेच कॉलेजातून बाहेर पडत होते. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. आजीव सदस्याने वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवायचे, असा रिवाज पडला. गोपाळ कृष्ण गोखले १८८४ साली बी. ए. झाले आणि लगेच या कामात आले. सुट्टी पडली की ते कॉलेजच्या फंडासाठी गावोगाव फिरत. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच कॉलेजचे विद्यार्थी. केंब्रिजला १८९९ साली ते सीनियर रँग्लर झाले. मोठ्या पगाराच्या जागा त्यांना दुर्मिळ नव्हत्या. पण परत येऊन कॉलेजची सेवा करण्याचा शब्द त्यांनी दिला होता आणि तो पाळला. १९०२ साली ते प्राचार्य झाले.

ही कथा गोड गोड करून सांगणे बरोबर नाही. १८९० साली टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. मतभेद अनेक होते; त्यांत सदस्यांनी बाहेरची कमाई करावी की नाही, हाही एक मोठा मुद्दा होता. सर्वस्व द्यायला निघालेल्या माणसांचेसुद्धा पैशाच्या नियमावरून बिनसते. म्हणून आमच्या युनियनमध्ये आम्ही म्हणतो, त्याग करा, पण पावतीपुस्तक आणि हिशेब आधी चोख ठेवा. देणाऱ्याचा विश्वास भाषणावर बसत नाही, हिशेबावर बसतो.

तिसरे उदाहरण साताऱ्याचे. १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तेथील मुलगा घाम गाळून शिकत होता. 'कमवा आणि शिका' ही तेथली रीतच होती. ज्याने वसतिगृहासाठी हाताने राबून घेतले, त्याला ते वसतिगृह दुसऱ्याचे वाटेल कसे? बॅरिस्टर पी. जी. पाटील भाऊरावांच्या वसतिगृहात वाढले, विलायतेला जाऊन आले आणि पुन्हा रयतेच्याच कामाला लागले. अशी माणसे तेथे एकदोन नव्हेत, पुष्कळ निघाली.

आता थोडे स्वतःविषयी, कारण त्यावाचून हे बोलणे अपुरे राहील. माझे वडील मुंबईत गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. घर बसले. मी एका वर्कशॉपमध्ये हेल्पर लागलो आणि संध्याकाळी रात्रशाळेत जाऊ लागलो. तेथे एक कॉलेजचा विद्यार्थी आम्हाला गणित शिकवीत असे. पगार नाही, भत्ता नाही. मी पेंगलो की तो मला उभे करून फळ्यावर त्रैराशिक मांडायला लावी. वेतनकराराच्या बैठकीत मालकाच्या अकाउंटंटने मांडलेले आकडे मी आज तपासू शकतो, ते त्या त्रैराशिकाच्या जोरावर.

शाळा सोडली त्यानंतर पस्तीस वर्षांत तिने मला कधी बोलावले नाही, आणि मीही गेलो नाही. मग एक छापील पत्र आले. पट घटला आहे, शाळा बंद पडण्याच्या बेतात आहे, माजी विद्यार्थ्यांनी भरघोस मदत करावी. पत्र वाचून मला राग आला. मागायचे होते तर मी अठरा वर्षांचा असताना का मागितले नाही? त्या वेळी मी महिन्याला पाच रुपये दिले असते, आठवड्याला एक तास दिला असता, माझ्यामागून येणाऱ्या पाच पोरांना हाताला धरून आणले असते. रात्री अंथरुणावर पडल्यावर तो राग माझ्याकडेच वळला. कोणी मागितले नाही हे खरे. पण त्या गणिताच्या मास्तरलाही शिकवायला कोणी मागितले नव्हते.

म्हणून शाळा-कॉलेजांच्या चालकांना माझी नम्र सूचना आहे. निकालाच्या दिवशीच मुलाचे नाव वहीत लिहा. त्याच्याकडून पहिल्याच वर्षी वर्गणी घ्या, मग ती दहा रुपये का असेना. रकमेपेक्षा सवयीला मोल आहे. त्याला नुसता प्रेक्षक म्हणून बोलावू नका, काम सांगा. नव्या मुलांचे फॉर्म भरू द्या, एक तासिका घेऊ द्या. आणि वर्षाच्या शेवटी त्याच्या दहा रुपयांचे काय केले, ते त्याला लिहून कळवा. नवा कामगार युनियनचा होतो तो असाच; सभेत बसवून कोणी होत नाही.

आणि तरुण मित्रांना एवढेच सांगतो की, बोलावण्याची वाट पाहू नका. मी पाहिली, आणि त्यात पस्तीस वर्षे गेली. माझी रात्रशाळा अद्याप उघडी आहे. किती दिवस राहील, सांगता येत नाही. मंगळवारी मी तेथे जातो आणि मुलांना पगाराची स्लिप कशी वाचावी ते शिकवतो. गेल्या मंगळवारी नऊ जण आले होते. त्यांची नावे मी वहीत लिहून घेतली आहेत.