मूळ कागद, नक्कल आणि चिकित्सक प्रत : जुने खेळ चालवणाऱ्या हातातल्या यंत्रांचा इतिहास

१/ तळहातावर मावणारी डझनावारी गेमयंत्रे आज बाजारात मिळतात. त्यांतल्या बहुतेकांसाठी कोणी स्वतंत्र खेळ लिहिलेला नसतो. ती चालवतात गेम बॉय, सेगा, प्लेस्टेशन यांचे पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे खेळ. ‘यांतले कोणते घ्यावे?’ या प्रश्नाचे उत्तर सहसा किंमत आणि बॅटरी पाहून दिले जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हाच प्रश्न असा विचारावा : यांपैकी कोणते यंत्र भूतकाळाची विश्वासार्ह प्रत आपल्या हाती देते? त्यावरच आजचा हा दीर्घ धागा.

२/ आरंभ १९७९ पासून करू. अमेरिकेतील मिल्टन ब्रॅडली या कंपनीने जे स्मिथ यांनी रचलेले ‘मायक्रोव्हिजन’ बाजारात आणले. खेळ बदलता येणारे, हातात धरण्याचे हे पहिले यंत्र. पडदा केवळ १६ × १६ ठिपक्यांचा, आणि प्रोसेसर यंत्रात नसून प्रत्येक खेळाच्या कार्ट्रिजमध्ये. आज या यंत्राचे अनेक नमुने आंधळे झाले आहेत, कारण त्या काळचा एलसीडी पडदा आतून कुजत जातो. म्हणजे या शाखेचे आद्य साधनच वाचण्यापलीकडे चालले आहे. ही गोष्ट पुढच्या साऱ्या विवेचनात ध्यानी असू द्यावी.

३/ १९८० मध्ये निन्टेन्डोचे ‘गेम अँड वॉच’ आले आणि २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये ‘गेम बॉय’. दोहोंमागे गुन्पेई योकोई हे नाव आहे. योकोई यांचे सूत्र सर्वश्रुत आहे : मुरलेले, स्वस्त झालेले तंत्रज्ञान घ्यावे आणि त्याला अनपेक्षित कामाला लावावे. त्यामुळे गेम बॉयला रंग नव्हते. १६० × १४४ ठिपके, चार छटा, सुमारे ४.१९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि पेन्सिल सेलच्या चार बॅटऱ्या, एवढाच त्याचा संसार.

४/ प्रतिस्पर्धी अधिक झगमगीत होते. १९८९ चा अटारी लिंक्स आणि १९९० चा सेगा गेम गियर, दोघांनाही रंगीत व उजळ पडदा होता. पण गेम गियर सहा बॅटऱ्या तीन ते पाच तासांत संपवून टाकी. गेम बॉय चार बॅटऱ्यांवर पंधरा तास आणि त्याहूनही अधिक टिके. गेम बॉय व गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. आजच्या हँडहेल्डच्या खरेदीतही बॅटरी हा निकष पहिल्या पंक्तीत असतो, तो याच स्पर्धेचा वारसा.

५/ मग मूळ यंत्रच का वापरू नये? कारण वस्तूही म्हाताऱ्या होतात. गेम गियरमधले कपॅसिटर गळतात, मग पडदा मंदावतो आणि आवाज विरतो. पोकेमॉनच्या जुन्या कार्ट्रिजमध्ये खेळाची नोंद जपण्यासाठी बटणासारखी छोटी बॅटरी असते; ती संपली की खेळणाऱ्याने जपलेली सारी प्रगती पुसली जाते. दप्तरखान्यातील कागदाला कसर लागते, इथे धातूला गंज आणि प्लास्टिकला पिवळेपणा लागतो.

६/ यावरचा उपाय म्हणजे ‘इम्युलेशन’ : एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचे हुबेहूब सोंग वठवणे. ही कल्पना खेळांतून जन्मलेली नाही. १९६४ मध्ये आयबीएमने ‘सिस्टीम/३६०’ ही संगणकमाला जाहीर केली, तेव्हा ग्राहकांपुढे पेच होता की जुन्या १४०१ संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावलींचे काय करायचे? नव्या यंत्राला जुन्याची भाषा समजावी, अशी सोय आयबीएमने केली. जुने लिखाण नव्या यंत्रावर वाचता यावे, ही गरज मुळात कचेरीतली होती.

७/ खेळांच्या बाबतीत १९९७ हे वर्ष निर्णायक ठरले. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारीत ‘मेम’ प्रसिद्ध केला. नाण्यावर चालणाऱ्या आर्केड यंत्रांची अंतर्गत रचना नोंदवून ठेवणे हे त्या प्रकल्पाचे घोषित ध्येय. खेळ चालणे हा त्या नोंदीच्या अचूकतेचा पुरावा. त्याच वर्षी ‘नेसटिकल’ आला आणि घरच्या साध्या संगणकावर निन्टेन्डोचे खेळ धावू लागले.

८/ हे कायदेशीर होते का? कनेक्टिक्स कंपनीने १९९९ मध्ये मॅकिन्टॉशवर प्लेस्टेशनचे खेळ चालवणारा इम्युलेटर विकायला काढला आणि सोनीने तिला न्यायालयात खेचले. २००० मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने कौल कनेक्टिक्सच्या बाजूने दिला : यंत्र कसे चालते हे समजून घेण्यासाठी केलेली मधली नक्कल हा न्याय्य वापर आहे. मात्र त्या निकालाने इम्युलेटरला अभय दिले, खेळांच्या नकला वाटण्याला नव्हे. हा भेद आजही अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

९/ आता हँडहेल्डकडे वळू. २००१ च्या अखेरीस दक्षिण कोरियाच्या गेम पार्क कंपनीने ‘जीपी ३२’ विक्रीस आणले. स्वतःचे अधिकृत खेळ मोजकेच असल्याने निन्टेन्डोपुढे त्याचा निभाव लागणे कठीण होते. पण नोंदणी केलेल्या वापरकर्त्याला त्यावर स्वतः लिहिलेली आज्ञावली स्मार्टमीडिया कार्डावरून चालवता येई. जगभरच्या हौशी प्रोग्रॅमरांनी ती फट हेरली आणि त्यावर इम्युलेटर उतरवले. बाजारात हरलेले हे यंत्र एका नव्या परंपरेचे मूळपुरुष ठरले.

१०/ पुढची वंशावळ पाहण्यासारखी आहे. २००५ मध्ये लिनक्सवर चालणारे ‘जीपी२एक्स’, २००९ मध्ये चीनचे ‘डिंगू ए३२०’, २०१३ मध्ये लोकवर्गणीतून उभे राहिलेले ‘जीसीडब्ल्यू झीरो’. २०१९ मध्ये ॲनबर्निकने ‘आरजी३५०’ काढले, ते जीसीडब्ल्यू झीरोच्याच चिपवर. परिणामी हौशी मंडळींनी घडवलेली ‘ओपनडिंगक्स’ ही कार्यप्रणाली नव्या यंत्राला आयती मिळाली. कंपन्या बदलल्या, तरी आज्ञावलीचे घराणे अखंड राहिले. यंत्र निवडताना त्यामागे कोणती मंडळी उभी आहे हे आधी पाहावे, असे हा इतिहास सांगतो.

११/ आता तुलना. आपल्या अभ्यासातला एक दाखला सोबत घेऊ. मोडीतील अस्सल कागद ही एक गोष्ट. त्याचे बाळबोधीत केलेले लिप्यंतर ही दुसरी. सोयीचे, पण करणाऱ्याच्या चुका त्यात उतरतात. अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती ही तिसरी. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची केली तशी. जुने यंत्र हा अस्सल कागद. ॲनबर्निक, मियू, रेट्रॉइड ही लिप्यंतरे. तिसऱ्या प्रकाराकडे पुढे येऊ.

१२/ पहिला निकष पडद्याचा. जुना ठिपका नव्या पडद्यावर पूर्णांकाच्या पटीत वाढला तरच चित्र सुबक राहते. २०२० च्या ‘आरजी३५१पी’चा पडदा ४८० × ३२० चा, म्हणजे गेम बॉय ॲडव्हान्सच्या २४० × १६० च्या नेमका दुप्पट. त्या खेळांसाठी ते चोख. ‘मियू मिनी’चा पडदा २.८ इंची, ६४० × ४८० चा. त्यावर गेम बॉयचे चित्र तिप्पट केले की ४८० × ४३२ भरते, भोवती काळी चौकट उरते. ती चौकट नको म्हणून चित्र ताणले की काही ठिपके जाड, काही बारीक दिसू लागतात. लिप्यंतरात काना-मात्रा सरकावी, तसे हे.

१३/ दुसरा निकष अचूकतेचा. सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर फार तर ३.५८ मेगाहर्ट्झचा. पण त्याचे तंतोतंत सोंग वठवायला किती बळ लागावे? ‘बीस्नेस’ या इम्युलेटरचा ‘ब्यू’ या टोपणनावाचा कर्ता २०११ मध्ये सांगत होता की त्यासाठी तीन गिगाहर्ट्झच्या घरातला प्रोसेसर हवा. कारण मूळ यंत्रात अनेक चिप एकाच वेळी चालतात आणि त्यांचा परस्परताल क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. छोट्या हँडहेल्डना हे पेलत नाही, म्हणून ती आडवाटेने जाणारे हलके इम्युलेटर वापरतात. बहुतेक खेळ त्यांवर बिनबोभाट चालतात. क्वचित एखाद्याचा आवाज किंवा सावली चुकते, आणि मूळ न पाहिलेल्याला ते कळतही नाही.

१४/ इथे तिसरा प्रकार येतो. डिसेंबर २०२१ मध्ये पोहोचू लागलेल्या ‘ॲनालॉग पॉकेट’मध्ये एफपीजीए ही चिप आहे, तिच्या आतली जोडणी हवी तशी बदलता येते. त्यामुळे जुन्या यंत्राचे वागणे आज्ञावलीने वठवण्याऐवजी त्याचे मंडलच नव्याने उभे करता येते. ३.५ इंची पडदा १६०० × १४४० चा, म्हणजे गेम बॉयच्या नेमका दहापट. मूळ कार्ट्रिजही त्यात चालते. तरी सावध राहावे. ती जोडणीही कुणा माणसाने मूळ चिपचा अभ्यास करूनच लिहिलेली असते. चिकित्सक आवृत्तीचा संपादकही चुकू शकतो.

१५/ तिसरा निकष उजेडाचा, आणि तो अनेकांच्या नजरेतून सुटतो. २००१ च्या गेम बॉय ॲडव्हान्सच्या पडद्यामागे दिवा नव्हता. अंधुक पडद्यावर काही दिसावे म्हणून कित्येक खेळांचे रंग मुद्दाम फिके आणि उजळ ठेवले गेले. तेच खेळ आजच्या तेजस्वी पडद्यावर भडक वाटतात. म्हणजे आकडे जुळूनही अनुभव बदलतो. म्हणून जुन्या पडद्याची छटा वठवणारी फिल्टरे ही केवळ स्मरणरंजनाची हौस मानू नये. ती संदर्भ परत मिळवण्याची धडपड आहे.

१६/ चौथा निकष पाठाचा. यंत्र कितीही उत्तम असले, तरी त्यात घातलेली प्रतच भ्रष्ट असेल तर? हजारो खेळ भरलेली मेमरी कार्डे अशा यंत्रांसोबत सर्रास दिली जातात. परवानगीचा प्रश्न तर आहेच, शिवाय त्यांतल्या प्रतींचा ठावठिकाणा नसतो. कुठे नाव बदललेले, कुठे कुणी फेरफार केलेला. ‘नो-इन्ट्रो’सारखे गट प्रत्येक खेळाच्या शुद्ध प्रतीची गणिती ठशासह नोंद ठेवतात, ते याचसाठी. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापणाऱ्या राजवाड्यांनी अस्सल कागदाचा आग्रह धरला. तो आग्रह इथेही तितकाच लागू पडतो.

१७/ आता आपल्या घराकडे. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य मुलांच्या हाती निन्टेन्डोचे मूळ यंत्र आले नाही. आली ती १९८३ च्या जपानी फॅमिकॉमची स्वस्त नक्कल, जिला आपण नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणत असू आणि कार्ट्रिजला ‘कॅसेट’. कॅसेटवर ९९९९ खेळांचा दावा असे; प्रत्यक्षात मोजकेच खेळ नावे, रंग आणि टप्पे बदलून पुन्हा पुन्हा येत. त्या याद्या कोणी रचल्या, ते फेरफार कोणी केले, याची अधिकृत नोंद सापडणे दुरापास्त आहे. निन्टेन्डोच्या कोणत्याही अधिकृत संग्रहात या कॅसेटी येणार नाहीत. आपल्या पिढीच्या आणि तिच्या थोरल्या भावंडांच्या बालपणाचे साधन हे असे अनौरस आहे.

१८/ अधिकृत मार्गाचे चित्रही आशादायक नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज विक्रीत उपलब्ध नाहीत. गेम बॉय परिवाराचे तर जेमतेम ५.८७ टक्के खेळ उपलब्ध आहेत. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेन्डोने थ्रीडीएस व वी यू यांच्या डिजिटल दुकानांतील विक्री थांबवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने, संशोधकांना ग्रंथालयांतील जुने खेळ दुरून वापरता यावेत, ही मागणी नाकारली. ग्रंथालयात पुस्तक आहे, पण ते वाचायचे तर त्याच गावी जावे लागेल, असा हा प्रकार.

१९/ आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२, कायदेशीर मार्गाने हाती आलेल्या आज्ञावलीची हानीपासून बचावासाठी तात्पुरती प्रत करण्याची मुभा देते. दुसऱ्याने वाटलेली प्रत उतरवून घेण्याची मुभा त्यात नाही. म्हणून अभ्यासकाने शक्य तिथे मूळ कार्ट्रिज विकत घ्यावे आणि त्यावरूनच काम करावे. जतनाचा हेतू शुद्ध असला, तरी साधन मिळवण्याचा मार्गही तपासला गेला पाहिजे.

२०/ मग निवड कोणती? खिशात ठेवून गेम बॉयचे खेळ सहज खेळायचे असतील, तर मियू मिनीसारखे छोटे यंत्र पुरे. गेम बॉय ॲडव्हान्स हा मुख्य रस असेल, तर ३ : २ प्रमाणाचा पडदा पाहावा. प्लेस्टेशन २ च्या पुढचे खेळ हवे असतील, तर २०२२ च्या स्टीम डेकसारख्या बलदंड यंत्राला पर्याय नाही. फक्त ते खिशात मावणार नाही. ज्याच्याजवळ मूळ कार्ट्रिजे आहेत आणि ज्याला खेळावर लिहायचे आहे, त्याने ॲनालॉग पॉकेटचा विचार करावा. आणि कोणत्याही यंत्रावर खेळून निष्कर्ष काढलात, तर यंत्र, इम्युलेटर आणि त्याची आवृत्ती यांची नोंद करावी. तळटीप देतो, तशीच.

२१/ शेवटची विनंती. माळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेत एखादी कॅसेट पडली असेल, तर भंगारात टाकू नका. तिच्या वेष्टनाचा, दोन्ही बाजूंचा आणि पडद्यावरच्या यादीचा स्वच्छ फोटो घ्या. कोणत्या गावात, कोणत्या साली, कितीला घेतली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. जपानच्या आणि अमेरिकेच्या खेळांचा इतिहास लिहायला तिथे माणसे आहेत. सांगली, लातूर, अकोल्याच्या दुकानांतून कॅसेटी कशा फिरल्या, हे आपण नोंदवले नाही तर दुसरे कोणी नोंदवणार नाही. फोटो आणि नोंदी या धाग्याखाली जरूर जोडा. 🧵