तारेची कुळकथा

येलहंकाच्या रेल व्हील फॅक्टरीत वितळलेले पोलाद साच्यात ओतून आगगाडीची चाके घडवतात. आकार बदलायचा तर प्रचंड उष्णता आणि ताकद हवी, असेच तिथे वाटावे. त्याच परिसरात, हुणसमारनहळ्ळीच्या कृष्णदेवराय दंतमहाविद्यालयात दातांना तारा लावतात, तिथला न्याय मात्र उलटा. एखादा दात कलता करून ओळीत आणायला 35 ते 60 ग्रॅम बळ पुरते. एका लिंबाच्या वजनाएवढे. तारेचा इतिहास हा बळ कमी करत जाण्याचा इतिहास आहे, असे मला वाटते. ते लक्षात आले नाही, तर उपचाराला दीड-दोन वर्षे का लागतात याचे कोडे सुटत नाही.

पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने 1728 च्या ग्रंथात घोड्याच्या नालेसारखी धातूची पट्टी वर्णिली. वाकडे दात तिला दोऱ्याने बांधायचे. पण हाच फोशार कधीकधी चिमट्याने दात हिसका देऊन सरळ करी. अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये चाव्याच्या दोषांचे वर्गीकरण केले आणि 1928 पर्यंत चौकोनी खाचेचा ब्रॅकेट, म्हणजे दातावर बसून तार धरणारा तुकडा, सिद्ध केला. आजचे ब्रॅकेट त्याच घराण्यातले. मात्र खरे रहस्य 1904 च्या सुमारास कार्ल सांडस्टेट यांच्या प्रयोगांत उलगडले. दाबाच्या बाजूचे हाड विरघळते, ताणाच्या बाजूला नवे भरते. दाब फार झाला तर दाताभोवतीची अस्तर-ऊती रक्ताअभावी मरते आणि दात उलट अडून बसतो. म्हणजे तार फक्त सूचना देते, दात हलवते ते हाड. पुढे 1955 मध्ये ब्युनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत करून त्यावर राळ चिकटवण्याची युक्ती शोधली, त्यामुळे प्रत्येक दाताला कडे घालण्याची गरज संपत गेली. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतला निकेल-टायटॅनियमचा लवचीक मिश्रधातू 1970 च्या दशकात जॉर्ज अँड्रीसन यांनी तारेत आणला. तो वाकला तरी हळुवारपणे आणि दीर्घकाळ ओढत राहतो.

हे सारे दिसण्याचेच लाड, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धा खरा आहे: केवळ दात सरळ झाले म्हणून कीड टळत नाही, उलट ब्रॅकेटभोवती नीट ब्रश न केल्यास पांढरे डाग पडतात. पण पुढे आलेले वरचे दात पडण्या-धडकण्यात सहज तुटतात, आणि चुकीच्या चाव्यात खालचे दात टाळूला रुततात, हा काही शृंगाराचा प्रश्न नव्हे. दुसरा आक्षेप दात काढण्यावर. अँगल स्वतः त्याच्या ठाम विरोधात होते; त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी मात्र पुन्हा वाकडे झालेले रुग्ण तपासले आणि जागा नसेल तिथे दात काढूनच उपचार केले. माझा कौल ट्वीड यांच्याकडे, पण जबडा मोजल्यावरच. घाई करणाऱ्या पालकांना एवढेच सांगणे: दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. तारा निघाल्यावरही नवे हाड पक्के व्हायला वेळ लागतो, म्हणून दातांना जागेवर धरणारा रिटेनर डब्यात ठेवू नका, सांगितले तितके दिवस तोंडात घाला.