डोराएमोन चौथीत गेला तेव्हा

जपानमध्ये राहणाऱ्या आपणा मराठी कुटुंबांना डोराएमोनची ओळख करून द्यायला नको. बहुतेकांना ती आपल्या मुलांनीच करून दिली आहे. भारतातही २००५ पासून तो हिंदी बोलू लागला. माझा पुण्याचा भाचा त्याला 'डोरेमॉन' म्हणतो आणि माझी मुलगी दर वेळी त्याचा उच्चार सुधारते. एकाला तो हिंदीत पाठ, दुसरीला जपानीत. त्यावरची भांडणे मात्र मराठीत!

हा निळा यंत्रमांजर डिसेंबर १९६९ मध्ये, म्हणजे जानेवारी १९७०च्या अंकांतून अवतरला. शोगाकुकान ही प्रकाशनसंस्था बालवाडीपासून प्रत्येक इयत्तेसाठी वेगळे मासिक काढत असे. त्यातल्या सहा मासिकांत तो एकदम सुरू झाला. पहिलीच्या मुलांना वेगळी गोष्ट, चौथीच्या मुलांना वेगळी. चित्रकार हिरोशी फुजिमोतो (टोपणनाव फुजिको एफ. फुजिओ) दरमहा हा सगळा घाट घालत. मूल वरच्या वर्गात गेले की मासिक बदले, पण सोबती तोच राही. डोराएमोन देशभर रुजला त्याचे मूळ, मला वाटते, इथे आहे, दूरदर्शनवर नंतर.

मार्च १९७४ची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. इथले शालेय वर्ष मार्चमध्ये संपते. तिसरीच्या मासिकाच्या त्या अंकात डोराएमोन भविष्यकाळात कायमचा परत जायला निघतो. त्याने निर्धास्तपणे जावे म्हणून रडका नोबिता एकटाच जियानशी भिडतो, मार खातो, पण मागे हटत नाही. मुलांच्या डोळ्यांत पाणी आणणारा हा शेवट. पण महिन्याभराने तीच मुले चौथीत गेली आणि चौथीच्या एप्रिल अंकात डोराएमोन हजर! १ एप्रिलला जियान नोबिताला फसवतो, आणि जे बोलू ते खोटे ठरवणारे औषध पिऊन नोबिता म्हणतो, 'डोराएमोन आता कधीच येणार नाही.' वर्ग बदलताना धास्तावलेल्या मुलांना याहून चांगली भेट कोणती?

१९७३ची पहिली दूरदर्शन मालिका सहा महिन्यांत गुंडाळली गेली होती. १९७९ची टीव्ही आसाहीवरची मात्र घरोघरी पोचली. फुजिमोतो १९९६ मध्ये गेले. २००८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने डोराएमोनला अ‍ॅनिमे राजदूत नेमले, आणि २०१२ मध्ये, त्याच्या जन्माच्या शंभर वर्षे आधी (तो २११२ सालचा!), कावासाकी शहराने त्याला खास रहिवासी दाखला दिला. आपल्याला व्हिसासाठी किती खेटे घालावे लागतात, ते सोडा.

परीक्षांनी पिचलेल्या या देशाने शून्य गुण मिळवणारा नोबिता आपला मानला, याचे मला फार अप्रूप वाटते. डोराएमोनची जादुई साधनेही बहुधा त्याच्यावरच उलटतात.

मुलीने एकदा विचारले, 'ही मुले खेळतात ती पाइपांची मोकळी जागा कुठे असते?' तोक्योत झपाट्याने बांधकामे होत होती त्या काळी गल्लीगल्लीत असे रिकामे भूखंड आणि त्यांवर सिमेंटचे पाइप रचलेले असत. आता तिथे इमारती आहेत. म्हणून तिला कावासाकीच्या फुजिको संग्रहालयात नेले. तिथे ते पाइप मुद्दाम मांडून ठेवले आहेत. ती धावत जाऊन त्यांच्यावर बसली. फोटोसाठी तिच्यामागे रांगेत उभे होते ते बहुतेक जपानी आजोबा.