डोमकळी

माझ्या लहानपणी दसऱ्याच्या सुमारास वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या शेतात गेलं की आजी आम्हा पोरांना एक काम लावायची. कपाशीचं फूल साधारणपणे सकाळी उमलतं. पण काही फुलं उमलतच नाहीत, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या अर्धवट कळीसारखी मिटून राहतात. ती शोधून टोपलीत टाकायची आणि संध्याकाळी धुऱ्यावर जाळायची. पाकळ्या उलगडल्या तर आत अळीने विणलेलं जाळं आणि अळी. आजी त्याला डोमकळी म्हणायची. शंभर डोमकळ्यांना चार आणे असा दर होता. मी फसवून चांगली फुलंही टाकायचे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग हा शब्द आमच्या घरातून नाहीसाच झाला. २००२ साली बीटी कपाशी आली, आजीही गेली, आणि पंधरा वर्षं कुणी डोमकळी म्हटलेलं मी ऐकलं नाही. ऑक्टोबर २०१७मध्ये बाबांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "डोमकळ्या दिसून राहिल्या." त्यांच्या आवाजावरून कळलं की हे नुसतं सांगणं नाही. गुलाबी बोंडअळीबद्दल मी वाचायला लागले ती तेव्हापासून.

पहिलं आश्चर्य म्हणजे या अळीची कागदोपत्री जन्मनोंद आपल्या शेजारची आहे. ईस्ट इंडिया कंपनीला मँचेस्टरसाठी लांब धाग्याचा कापूस हवा होता, त्यासाठी गुजरातेत भडोचला अमेरिकन कपाशीचे प्रयोग चालले होते. तिथल्या सरकारी कपाशीच्या अधीक्षकाने पिकाची नासाडी करणाऱ्या किड्याचे नमुने विलायतेला धाडले आणि १८४३मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स याने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. 'गॉसिपिएला' हे नाव तेव्हापासूनचं. म्हणजे शास्त्राला ही अळी भेटली तीच मुळी परक्या वाणाच्या प्रयोगात.

तिचं आयुष्य उणंपुरं महिनाभराचं. मादी पतंग रात्री पात्यांवर, कोवळ्या बोंडाच्या बुडाशी एकेक-दोनदोन अंडी घालते, एकूण शे-दोनशे. उबदार हवेत चार-पाच दिवसांत अंडं फुटतं. बाहेर आलेली पांढुरकी अळी तासा-दोन तासांत बोंडात शिरते आणि तिच्या मागे भोक बुजून जातं. या तास-दोन तासांवर पुढचं सगळं अवलंबून आहे. फवारा अळीला लागायचा तर याच वेळात. एकदा ती आत गेली की वरून काहीही मारा, ती सरकी खात बसते. दहा-पंधरा दिवसांनी गुलाबी होऊन बाहेर पडते, मातीत किंवा पालापाचोळ्यात कोषात जाते, आठवड्या-दीड आठवड्याने पतंग होतो.

पण हे झालं ऊब असेपर्यंतचं. दिवस लहान झाले, रात्री गार पडू लागल्या, की शेवटच्या पिढीतल्या पुष्कळ अळ्या कोषात न जाता थांबतात. दोन सरक्या धाग्याने एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत पडून राहतात. न खाता, न वाढता. महिनोनमहिने. उन्हाळ्यात तापलेल्या मातीवर पडलेल्या बोंडातल्या बऱ्याच अळ्या होरपळतात, पण गोदामातली, जिनिंगमधली, घराच्या कोपऱ्यातली सरकी थंड असते.

आणि सरकी म्हणजे बियाणं, बियाणं म्हणजे प्रवास. १९०६-०७च्या सुमारास भारतातून इजिप्तला गेलेल्या कापसातून ही अळी तिकडे पोचली. इजिप्तच्या बियाण्यातून १९११मध्ये मेक्सिकोत. १९१७मध्ये टेक्सासमध्ये. जोडसरकीत झोपलेल्या अळीने पंख न हलवता अर्धं जग पालथं घातलं.

त्या काळचे उपाय वाचताना मला आजीची टोपली आठवत होती. इजिप्तने जिनिंगमध्येच सरकी तापवून घेण्याची सक्ती केली, म्हणजे आतली अळी मरेल आणि बी जिवंत राहील. मद्रास प्रांतात १९१९च्या कीडविषयक कायद्याखाली कंबोडिया कपाशीच्या पऱ्हाट्या ठरावीक तारखेच्या आत उपटाव्या लागत. या सगळ्यामागे एकच हिशेब होता: अळीला दोन हंगामांच्या मधे उपाशी ठेवायचं. पतंग मे-जूनमध्ये निघाले आणि शेतात पातीच नसली, तर अंडी घालण्याजोगं काही न मिळता ते आठवड्या-दोन आठवड्यांत मरतात.

हा हिशेब आपण कधी सोडला? माझ्या मते दोन पायऱ्यांनी. १९७०मध्ये सुरतेला सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित वाण दिला. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, अभिमानाची गोष्ट. पण संकरित बियाणं महाग, म्हणून झाडं विरळ लावायची आणि प्रत्येक झाडाकडून जास्त काळ, जास्त बोंडं घ्यायची अशी रीत पडली. पाण्याची सोय असेल तर फरदड, म्हणजे मार्चपर्यंत कपाशी उभी. अळीला याहून चांगलं आमंत्रण कोणतं?

दुसरी पायरी १९८०च्या आसपासची. सिंथेटिक पायरेथ्रॉइड आली, सायपरमेथ्रिन, फेनव्हॅलरेट. सुरुवातीची वर्षं जादूची होती. बाबा अजून सांगतात, डबा उघडला की वासानेच किडे मरतील असं वाटायचं. पण त्याच फवाऱ्यात ढालकिडे, कोळी, अंड्यांवर जगणारे बारीक परोपजीवी असे मित्रकीटकही मेले. गुलाबी अळी मागे पडली आणि पांढरी माशी, हिरवी अमेरिकन बोंडअळी पुढे आली. १९८७मध्ये आंध्रातल्या गुंटूर-प्रकाशम भागात हिरव्या अळीने पायरेथ्रॉइडना अजिबात दाद दिली नाही आणि पीक बुडालं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे शेतजमिनीचा जेमतेम वीसावा हिस्सा व्यापणाऱ्या कपाशीवर देशातली जवळजवळ निम्मी कीटकनाशकं पडत होती.

म्हणून बीटी आली तेव्हा आमच्या घरात सण होता, हे मी विसरू इच्छित नाही. फवारण्या खरंच घटल्या. दोष बीटीचा की आपला, या वादात मला फार रस नाही. एक बारकावा मात्र सांगते, कारण तो सहसा सांगितला जात नाही. अमेरिकेत बीटी सरळ वाणांत होती. आपल्याकडे ती संकरित वाणांत आली. संकरित झाडाच्या बोंडातल्या सरक्या पुढच्या पिढीच्या असतात आणि त्यांत वाटणी होते. दोन जनुकांच्या बीटीत सोळातल्या नऊ सरक्यांत दोन्ही विषं, सहांत एकेकच, आणि एकीत काहीच नाही. गुलाबी अळी सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला बिनविषारी घास, हलकी मात्रा आणि पूर्ण मात्रा असं ताटच वाढलेलं. त्यात कडेला लावायच्या बिगरबीटी बियाण्याची पुडी आम्ही, इतर अनेकांसारखी, कधी लावलीच नाही. २००८च्या हंगामात गुजरातेत अमरेलीच्या अळ्या पहिल्या जनुकाला पुरून उरल्याचं पुढे जाहीर झालं. २०१४-१५नंतर दुसरंही जनुक थिटं पडलं.

२०१७ साली कपाशी माणसापेक्षा उंच वाढली होती. आधी तुडतुडे-फुलकिड्यांसाठी, मग अळीच्या धास्तीने फवारे चालू झाले, दोन-तीन औषधं एकत्र करून. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. आमच्याकडे फवारायला येणारे काका उंच झाडांतून नोझल वर धरून चालत होते, सगळा फवारा तोंडावर. रात्री उलट्या, डोळ्यांपुढे अंधार. पाच दिवस ते दवाखान्यात होते. वाचले. खर्च बाबांनी केला, पण त्यांच्या घरी जायला बाबांना महिना लागला.

नंतर मी बाबांना तो तासा-दोन तासांचा हिशेब सांगितला. आपण फवारलं तेव्हा अळी बहुतेक बोंडातच होती, हेही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे काकांवरच फवारलं म्हणा."

अमेरिकेने २०१८मध्ये गुलाबी अळी आपल्या कपाशीतून संपल्याचं जाहीर केलं. बीटी होतीच, पण सोबत वांझ केलेले पतंग विमानातून सोडणं, कामगंध, पीक लवकर काढून नांगरणं, आणि हे सगळं मैलोन्‌मैल एकाच वेळी. आमच्या गावात दोन धुऱ्यांवरच्या दोघांचं एकमत होत नाही. पण सापळे लागलेत. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ पतंग आले तरच फवारायचं, असं बाबांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय.

गेल्या डिसेंबरात त्यांनी पऱ्हाट्या उपटल्या. वर हिरवी बोंडं दिसत होती, चुलतभाऊ भांडला. मी कोठीतली मागच्या सालची सरकी चाळत बसले होते. दोन सरक्या चिकटलेल्या सापडल्या. नखाने सोडवल्या. अळी गुलाबी होती, आणि हलली.