चौथा भाऊ

आमच्या धंद्यातला एक कायमचा प्रश्न: कोड दिसत नाही, तो बाहेरच्यांशी कसा वागतो एवढंच दिसतं. तेवढ्यावरून आत काय आहे ते ओळखता येईल का? गणितात हा प्रश्न ग्रुपबाबतीत पोंत्र्यागिनने १९३४ मध्ये सोडवला होता, पण त्यात अ×ब आणि ब×अ एकच असावं लागायचं. (हा माणूस चौदाव्या वर्षापासून आंधळा, बरं का!) ही अट काढून टाकली जपानमधल्या तान्नाकाने, १९३८-३९ मध्ये.

ग्रुप मॅट्रिक्सच्या रूपात मांडला की ते झालं त्याचं एक रिप्रेझेंटेशन. अशा दोघांचा टेन्सर गुणाकार केला की आणखी एक मिळतं. हा सगळा गोतावळा हातात असेल तर मूळ कॉम्पॅक्ट ग्रुप परत मिळतो, असं तान्नाकाने दाखवलं. १९४९ मध्ये ओडेसाच्या क्रेनने उलट बाजू पूर्ण केली: कुठला गोतावळा खरोखर ग्रुपचा असतो? पुढे हेच हॉफ अल्जिब्रांच्या मॉड्यूल्सना लागू झालं. अट मात्र कडक. प्रत्येक मॉड्यूलखालचा व्हेक्टर स्पेस माहीत हवा आणि टेन्सर गुणाकार त्या स्पेसेसच्या गुणाकाराशी तंतोतंत जुळायला हवा, अगदी कंसांसकट.

कंसांसकट म्हणजे काय? चौरसाच्या ८ सममितींचा ग्रुप घ्या आणि हॅमिल्टनच्या क्वाटर्नियन्सचा ८ घटकांचा ग्रुप घ्या. ग्रुप वेगळे, पण कॅरेक्टर टेबल डिट्टो सेम! दोघांनाही १ मितीची चार आणि २ मितीचं एक अशी मूळ रिप्रेझेंटेशन्स, गुणाकाराचे नियमही तेच. फरक लपलाय तो (अ⊗ब)⊗क वरून अ⊗(ब⊗क) वर कसं जायचं यात. या उड्या एकमेकींशी सुसंगत हव्यात, ही पंचकोनाची अट मॅक लेनने १९६३ मध्ये मांडली.

१९९८ मध्ये ताम्बारा आणि यामागामी यांनी हिशोब केला, की याच गुणाकार-नियमांवर सुसंगत कंस किती प्रकारे बसतात. उत्तर: चार. दोन वरचे ग्रुप. तिसरा काच आणि पाल्युत्किन यांचा १९६६ चा हॉफ अल्जिब्रा. आणि चौथा? त्याच्यामागे ग्रुप नाही, हॉफ अल्जिब्राही नाही. ती कडक अट तो पाळूच शकत नाही.

मग तो बेवारस का? नाही. खारकोवमध्ये काम करणारा द्रिनफेल्ड १९८९ मध्ये क्वासी-हॉफ अल्जिब्रा घेऊन आला होता, तोही भौतिकशास्त्रातल्या समीकरणांच्या वाटेने. त्यात सह-साहचर्य (कोअसोसिएटिव्हिटी) नियम तंतोतंत पाळला जात नाही. जी तफावत राहते ती Φ नावाचा एक घटक भरून काढतो. म्हणजे खालच्या स्पेसेसचे गुणाकार जुळले की पुरे, कंसांचं Φ बघून घेईल. १९९२ मध्ये माजिदने तान्नाकाचं प्रमेय या सैल अटीवर बसवलं.

मला खरा धक्का बसला तो एटिंगोफ आणि ऑस्ट्रिकच्या २००४ च्या पेपरने. सान्त टेन्सर कॅटेगरीत प्रत्येक वस्तूला फ्रोबेनियस-पेरॉन मिती असते. त्या सगळ्या पूर्णांक असतील तर ती कॅटेगरी कुठल्यातरी सान्त-मितीय क्वासी-हॉफ अल्जिब्राची, आणि उलटही खरं. बस्स, एवढंच! कृतीही साधी: प्रत्येक मूळ वस्तूच्या प्रोजेक्टिव्ह कव्हरच्या तिच्या मितीइतक्या प्रती घ्या, सगळ्यांची बेरीज करा, त्या बेरजेचे एंडोमॉर्फिझम म्हणजे तुमचा अल्जिब्रा. अडीच प्रती कशा घेणार, म्हणून पूर्णांक. फिबोनाची कॅटेगरी इथेच आपटते: τ⊗τ = १+τ, म्हणून मिती १.६१८…, सुवर्ण गुणोत्तर. तिला क्वासी-हॉफही मिळत नाही.

चौथ्या भावाच्या मिती १, १, १, १, २. पास! वर्गांची बेरीज ८, म्हणजे ८ मितींचा क्वासी-हॉफ अल्जिब्रा.

एक गोम उरते. कॅटेगरीतून अल्जिब्रा परत मिळतो तो ‘ट्विस्ट’पुरता सैल. साध्या हॉफ अल्जिब्रालाही ट्विस्ट देऊन किचकट Φ चिकटवता येतं, त्यामुळे नुसतं Φ बघून कुणाला क्वासी ठरवू नका. या चौथ्याचं Φ मात्र कुठलाही ट्विस्ट दिला तरी जात नाही.